प्राथमिक शाळेतील गृहपाठ

प्राथमिक शाळेतील गृहपाठ म्हणजे शिक्षकांनी इयत्ता पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या वेळेबाहेर, मुख्यतः घरी, करण्यासाठी नेमून दिलेला अभ्यास होय. वर्गात शिकलेल्या भागाची उजळणी, पुढील पाठाची पूर्वतयारी आणि घर-परिसरातून माहिती गोळा करणे हे त्याचे सर्वसाधारण हेतू मानले जातात. भारतात इ.स. २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने पहिली व दुसरीला गृहपाठ देऊ नये आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा द्यावा, असे सुचविले आहे. या वयोगटात मर्यादा दिवसाची न ठेवता आठवड्याची ठेवणे हे या धोरणाचे वैशिष्ट्य होय. लहान वयात गृहपाठाचा लाभ कितपत होतो, हा शिक्षणशास्त्रातील जुना वाद आहे. घरी अभ्यास समजावून देणारे कोणी आहे की नाही, या प्रश्नामुळे महाराष्ट्रात त्याला सामाजिक बाजूही मिळाली आहे.

संज्ञा

बोलीत ‘घरचा अभ्यास’ किंवा नुसताच ‘अभ्यास’, शालेय दप्तरी ‘गृहपाठ’ आणि शहरी वापरात ‘होमवर्क’ असे शब्द रूढ आहेत. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत पाठाच्या शेवटी येणाऱ्या प्रश्नांना ‘स्वाध्याय’ म्हणतात. स्वाध्याय वर्गात सोडविला तर ते वर्गकार्य आणि तोच घरी सोडविला तर तो गृहपाठ, इतका या दोहोंतील फरक प्रत्यक्षात पुसट असतो. बहुवर्ग अध्यापन असलेल्या लहान शाळांत तो जवळजवळ नाहीसा होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता असतात. एका इयत्तेला तो शिकवीत असताना दुसरी इयत्ता त्याच खोलीत स्वाध्याय सोडवीत बसते. म्हणजे इतर शाळांत घरी होणारे काम येथे शाळेतच उरकते.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत लेखी गृहपाठ नव्हता. मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि पाढ्यांबरोबरच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत करीत. दिवसअखेर ही सर्व उजळणी एका सुरात मोठ्याने म्हटली जाई. तिला परवचा म्हणत. पुढे मध्यमवर्गीय घरांत दिवेलागणीला शुभंकरोतिपाठोपाठ पाढे म्हणण्याच्या रिवाजालाही हेच नाव चिकटले. आजच्या गृहपाठाचे मराठी घरातील सर्वांत जवळचे पूर्वरूप म्हणून परवच्याकडे बोट दाखविता येते. त्यात लिहिलेले काही नसे, म्हणून तपासायचेही काही उरत नसे. चूक ऐकणाऱ्याला जागच्या जागी कळे आणि सुधारताही येई. मात्र ऐकणाऱ्यालाही पाढे येत असणे ही त्याची पूर्वअट होती. लिहिणे-वाचणे व हिशेब मोजक्याच जातींच्या घरांपुरते होते तोवर ही अट कोणाला जाणवली नाही. शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचू लागले, तेव्हा ती ठळक झाली.

पाटीचा काळ बराच लांबला. पाटीवरचे लेखन दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, त्यामुळे घरी केलेले लेखी काम साठवून तपासण्याची पद्धत वही स्वस्त झाल्यावरच सार्वत्रिक झाली. शुद्धलेखनाचे रोजचे एक पान हा तिचा सर्वांत परिचित नमुना होय.

इटलीतील रोबेर्तो नेव्हिलिस नावाच्या शिक्षकाने गृहपाठ ‘शोधून काढला’, असे विधान आंतरजालावर वारंवार आढळते. त्यास कोणताही ऐतिहासिक आधार नाही. या कथित शोधाची सांगितली जाणारी सालेही (१०९५ आणि १९०५) एकमेकांपासून आठशे वर्षे दूर आहेत.

गृहपाठाला संघटित विरोध मात्र जुना आहे. अमेरिकेत ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाचे संपादक एडवर्ड बॉक यांनी इ.स. १९०० मध्ये लहान मुलांच्या गृहपाठाविरुद्ध मोहीम उघडली. कॅलिफोर्निया राज्याने इ.स. १९०१ मध्ये पंधरा वर्षांखालील मुलांच्या गृहपाठावर कायद्याने बंदी घातली. ती पुढे उठविण्यात आली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे केलेले काम या संदर्भात वेगळे उठून दिसते. गुरे चारायला जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविल्या. मुलाच्या घरी पाठ पाठविण्याऐवजी मूल जेथे काम करते तेथे शाळाच नेण्याचा तो प्रयत्न होता.

भारतातील धोरण

प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेचे सदस्य असताना दप्तराच्या ओझ्याविषयी भाषण केले आणि हा विषय राष्ट्रीय पातळीवर आला. केंद्र शासनाने इ.स. १९९२ मध्ये शास्त्रज्ञ यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने इ.स. १९९३ मध्ये सादर केलेल्या अहवालाचे नाव ‘ओझ्याविना शिक्षण’ अशा अर्थाचे आहे. दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या मजकुराचे ओझे अधिक घातक आहे, हा अहवालाचा मुख्य निष्कर्ष होता. प्राथमिक इयत्तांना घराच्या परिसरातील शोधकार्य वगळता कोणताही गृहपाठ देऊ नये, अशी स्पष्ट शिफारस त्यात होती. तिची अंमलबजावणी मात्र पाव शतक रेंगाळली.

मद्रास उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये पहिली व दुसरीच्या मुलांना गृहपाठ देण्यास मनाई करणारा आदेश दिला. त्यानंतर केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्व राज्यांना त्याप्रमाणे सूचना पाठविल्या. इ.स. २०२० च्या शालेय दप्तर धोरणात इयत्तानिहाय मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी, आठवड्याला कमाल दोन तास, सहावी ते आठवी, दिवसाला कमाल एक तास, नववी ते बारावी, दिवसाला कमाल दोन तास. पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठाऐवजी आदली संध्याकाळ कशी गेली, कोणते खेळ खेळले, हे वर्गात सांगण्याची संधी द्यावी, असेही धोरणात म्हटले आहे. येथे घरून वर्गात बोलणे येते, वही येत नाही.

तिसरी ते पाचवीची मर्यादा किती कडक आहे, हे शिक्षण हक्क कायद्यातील तासांशी ताडून पाहता येते. कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन आवश्यक आहे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. पाच दिवसांच्या आठवड्यात वर्गाचे वीस तास होतात आणि गृहपाठाचे दोन तास त्याच्या एक दशांश ठरतात.

महाराष्ट्रातील तरतुदी

शिक्षण हक्क कायद्यानंतर राज्याने इ.स. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती लागू केली. तिच्यातील आकारिक मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि इतर अशी आठ साधने नेमण्यात आली. ‘गृहपाठ’ असे स्वतंत्र साधन त्यांत नाही. तो स्वाध्यायात सामावतो. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६० टक्के व पाचवीला ५० टक्के ठेवण्यात आला. परिणामी वर्षभराच्या नोंदींसाठी पुरावा म्हणून वह्या भरून घेण्याकडे काही शाळांचा कल वाढला. ओझे कमी करण्यासाठी आलेल्या पद्धतीचा हा उलटा परिणाम म्हणावा लागतो.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असे निर्देश राज्याने इ.स. २०१५ मध्ये दिले. इ.स. २०२२ मध्ये गृहपाठ पूर्णपणे बंद करावा की काय, यावर राज्यात जाहीर चर्चा झाली. इ.स. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने बांधून देण्यात आली. वेगळ्या वह्या नेण्याची गरज उरू नये, हा त्यामागील हेतू होता. तरीही मुले वह्या आणतच राहिली आणि इ.स. २०२५-२६ पासून ही पाने बंद करण्याचा निर्णय झाला.

वर्गातील अध्यापनाशी संबंध

गृहपाठाची उपयुक्तता तो किती दिला यापेक्षा तो वर्गात कसा परत येतो, यावर अधिक अवलंबून असते. शिक्षणशास्त्रात या मुद्द्यावर मतभेद कमी आणि प्रत्यक्षातील दुर्लक्ष मात्र मोठे आहे. तीस मुलांचा वर्ग, भाषा, गणित व परिसर अभ्यास असे तीन विषय आणि प्रत्येक वहीला दोन मिनिटे धरली, तर एका दिवसाचा गृहपाठ तपासायला तीन तास लागतात. दिवसाचे अध्यापन चार तासांचे असताना हे शक्य होत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी तपासणी म्हणजे लाल शाईची बरोबरची खूण, सही आणि दिनांक एवढेच उरते. हातच्याची तीच चूक दहा गणितांत दहा वेळा केलेल्या मुलाला ती खूण काही शिकवीत नाही. उलट चूक पक्की होते.

आठवड्याचा गृहपाठ ही या अडचणीवरची एक वाट आहे. शनिवारी सकाळच्या शाळेत एकच काम द्यावे आणि सोमवारी त्यावर संपूर्ण तासिका घ्यावी, अशी पद्धत अनेक शिक्षक पाळतात. त्यासाठी निवडलेले काम घरावाचून होऊ न शकणारे असावे लागते. परिसर अभ्यासाच्या पुस्तकांतील ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’ आणि ‘उपक्रम’ या सदरांत अशी कामे बरीच सापडतात. घरात दिवसभरात किती हंडे पाणी लागते ते मोजणे, आजीला येणाऱ्या म्हणी विचारून आणणे, किराणा दुकानाच्या एका पावतीची बेरीज पडताळणे, अंगणातल्या एका झाडाची पाने कधी गळतात ते पाहणे ही त्याची साधी उदाहरणे होत. हंड्यांचे आकडे सोमवारी फळ्यावर आले की त्यांतून बेरीज, सर्वांत मोठी व सर्वांत लहान संख्या, चित्रालेख आणि पाणी कोण भरते हा प्रश्न, इतके सारे एका तासिकेत निघू शकते. तीस वेगवेगळी उत्तरे आल्यामुळे एकमेकांचे पाहून उतरवून काढण्यातही अर्थ राहत नाही.

उजळणीचे काम याहून निराळे आहे. पाढे, वाचन आणि शब्दलेखन यांना थोड्या थोड्या वेळाने पुनःपुन्हा केलेला सराव लागतो. एकाच दिवशी दोन तास केलेला सराव तितका टिकत नाही. त्यामुळे आठवड्याचे दोन तास रविवारी संध्याकाळी एकदम खर्ची घालण्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटे मोठ्याने वाचणे अधिक फलदायी ठरते. धोरणातील साप्ताहिक मर्यादेत दोन्ही बसते. निवड शिक्षकावर सोडलेली आहे.

गृहपाठ न करणाऱ्या मुलाला मारणे, वर्गाबाहेर उभे करणे किंवा सर्वांसमोर अपमानित करणे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार निषिद्ध आहे. शिक्षेच्या भीतीने अपुरा अभ्यास घेऊन शाळेत येण्यापेक्षा घरीच राहणारी मुले ही शिक्षकांना परिचित असलेली बाब आहे. अशा मुलांच्या बाबतीत घरी करायच्या अर्ध्या तासाच्या कामासाठी वर्गातील पूर्ण दिवस बुडतो.

घर आणि विषमता

वर्गात सर्व मुलांना तोच शिक्षक, तोच फळा आणि तेवढाच वेळ मिळतो. गृहपाठात यांपैकी काहीही समान नसते. शिकलेल्या पालकाचे मूल अडले तर विचारते; पहिल्या पिढीतील शिकणारे मूल अडले तर थांबते. कोरकू, गोंडी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या घरांत गृहपाठाची सूचना मराठीत असते, तर घरातील बोलणे दुसऱ्या भाषेत होते. इंग्रजी माध्यमात घातलेल्या मराठी घरांतील मुलांचीही अडचण हीच असते, फक्त ती तितकीशी बोलून दाखविली जात नाही. मुलींच्या वाट्याला शाळेनंतर धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे ही कामे अधिक येतात.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांची स्थिती याहून बिकट असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कुटुंब फडावर असते आणि पालापुढे अभ्यासाला जागा, उजेड वा उसंत यांपैकी काही नसते. अशा मुलांना गावीच ठेवता यावे यासाठी हंगामी वसतिगृहे चालविली जातात. तेथे संध्याकाळचा अभ्यास शिक्षक किंवा स्वयंसेवकांच्या देखरेखीखाली होतो, म्हणजे गृहपाठातील ‘गृह’ शाळाच पुरविते.

मध्यमवर्गात विषमतेचे रूप बदलते. प्रकल्पासाठी लागणारे छापील चित्रतक्ते स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि तिसरीच्या मुलाचा प्रकल्प रात्री जागून आई-वडील पुरा करतात, हे शिक्षकांनाही ठाऊक असते. उरलेला भार शिकवणीवर जातो. ‘असर’ या ग्रामीण भारतातील सर्वेक्षणानुसार पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे देऊन शिकवणी लावणाऱ्यांचे प्रमाण इ.स. २०१८ मध्ये २६.४ टक्के होते, ते इ.स. २०२२ मध्ये ३०.५ टक्के झाले. शाळेतील शिक्षकाने खासगी शिकवणी घेण्यास कायद्याच्या कलम २८ नुसार मनाई आहे.

अक्षरओळख नसलेल्या पालकालाही करता येईल असे घरचे काम आखण्याचे प्रयत्न अलीकडे वाढले आहेत. शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ अभियानात गावोगावी माता पालक गट करण्यात आले. डाळी निवडताना त्यांची वर्गवारी करणे, पोळ्या मोजणे, गोष्ट सांगून प्रश्न विचारणे अशा कृती आईने मुलाकडून करून घ्याव्यात, अशी त्यामागील कल्पना आहे.

महासाथीचा काळ

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ मुळे शाळा बंद झाल्या. ग्रामीण महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून भरण्यास परवानगी मिळाली. मधल्या काळात गृहपाठ हा शाळेला पूरक न राहता शाळेची जागाच घेऊन बसला. राज्याने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘स्वाध्याय’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर विषयवार प्रश्न येत आणि उत्तरांचा निकाल लगेच कळे. इ.स. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मागील इयत्तेची उजळणी करून घेणारा ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबविण्यात आला. घरात एकच फोन आणि तोही दिवसा वडिलांबरोबर कामावर, अशा कुटुंबांतील मुले या साधनांपासून दूर राहिली. काही गावांत शिक्षकांनी पारावर, मंदिराच्या ओट्यावर लहान गट बसवून अभ्यास घेतला. वर्ग पुन्हा भरले तेव्हा दुसरीत असलेल्या मुलांची पहिली इयत्ता आणि दुसरीचे सुरुवातीचे महिने बहुतांशी घरूनच गेले होते. ज्या दोन इयत्तांना धोरण गृहपाठ नको म्हणते, त्याच या होत.

संशोधन

या विषयावरील सर्वाधिक उद्धृत काम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर यांचे आहे. त्यांनी इ.स. १९८९ मध्ये आणि सहकाऱ्यांसह इ.स. २००६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सातवी ते बारावीत गृहपाठ आणि संपादणूक यांचा संबंध ठळक दिसला. त्याखालील इयत्तांत तो फारच क्षीण आढळला. याची कारणे म्हणून लहान मुलांचे अवधान कमी टिकणे, अभ्यासाच्या सवयी पक्क्या नसणे आणि मागे पडलेल्या मुलालाच जास्त वेळ बसावे लागणे, ही सांगितली जातात. शेवटच्या कारणामुळे केवळ आकड्यांवरून ‘गृहपाठाने नुकसान होते’ असा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरते. जॉन हॅटी यांच्या इ.स. २००९ च्या ग्रंथातही प्राथमिक स्तरावरील परिणाम माध्यमिकपेक्षा बराच कमी दाखविला आहे.

अमेरिकेत ‘दहा मिनिटांचा नियम’ प्रचलित आहे: इयत्तेच्या अंकाला दहाने गुणावे, तितकी मिनिटे रोजचा गृहपाठ. या हिशेबाने चौथीला रोज ४० मिनिटे, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात २०० मिनिटे होतात. भारतीय धोरणाची मर्यादा १२० मिनिटांची आहे. भारतीय शाळांत अभ्यासाचा भार अधिक असतो, हा समज कागदावरील धोरणापुरता तरी खरा नाही. प्रत्यक्षात धोरण किती शाळा पाळतात, हा प्रश्न वेगळा.

इतर देशांत

फ्रान्समध्ये प्राथमिक शाळेत लेखी गृहपाठ देण्यास इ.स. १९५६ च्या परिपत्रकाने मनाई आहे, तरीही तो देण्याची प्रथा पूर्णपणे थांबलेली नाही. चीनने जुलै २०२१ मध्ये गृहपाठ आणि खासगी शिकवण्या या दोहोंचा भार घटविणारे धोरण आणले. त्यानुसार पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही व तिसरी ते सहावीला रोज ६० मिनिटांची मर्यादा आहे. पोलंडने एप्रिल २०२४ पासून पहिली ते तिसरीला लेखी गृहपाठ जवळपास बंद केला आणि चौथी ते आठवीला तो ऐच्छिक, विनागुण केला.

फिनलंडमध्ये गृहपाठच नसतो, हा भारतीय वृत्तपत्रांतूनही पसरलेला समज खरा नाही. तेथे गृहपाठ असतो, पण कमी. इ.स. २०१२ च्या पिसा सर्वेक्षणात फिनलंडमधील पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांनी आठवड्याला सरासरी २.८ तास गृहपाठ करीत असल्याचे सांगितले. शांघायमध्ये हा आकडा १३.८ तास होता. त्या वर्षी गणितात शांघाय पहिल्या क्रमांकावर होते. दक्षिण कोरियाचे विद्यार्थीही गणितात आघाडीवर होते, मात्र त्यांचा गृहपाठ आठवड्याला २.९ तासांचाच होता. तेथे शाळेनंतरचा मोठा वेळ खासगी वर्गांत जातो आणि त्याची गणना गृहपाठात होत नाही.